शून्यसाहेब आणि बाजूची सीट

शून्यसाहेब त्या दिवशी घरातून निघाले ते बल्ब आणायला. न्हाणीघरातला बल्ब गेला होता. चार दिवस त्यांनी दार उघडं टाकून अंघोळ केली (घरात दुसरं होतंच कोण बघायला?), पण पाचव्या दिवशी दाढी करताना कानाखाली चांगलं कापलं, तेव्हा म्हणाले, पुरे झालं, आज बल्ब आणायचाच. आणि आणली काय, तर मोटार! तीही साधीसुधी नाही. दोन दारांची, दोनच सीटची, चारशे घोड्यांच्या ताकदीची, लालभडक, आणि वापरलेली.

आता हे कसं झालं ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, माणूस भ्रमिष्ट दिसतोय. भ्रमिष्ट नव्हते हो ते. एकटे होते. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, हे खरं आहे.

साहेब वजनमापं खात्यात तपासनीस होते. चौतीस वर्षं दुकानोदुकानी जाऊन काटे तपासले. दुकानात पाऊल टाकलं की नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी शून्य दाखवा." म्हणजे काट्यावर काही नसताना काटा शून्य दाखवतो की नाही ते बघायचं, बाकी सगळं नंतर. दुकानदार सांगायचे, "साहेब, शून्यच आहे." साहेब म्हणायचे, "तुम्ही सांगू नका. मी माझ्या डोळ्यांनी बघतो." आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन, वाकून, नाक आकड्याला लागेल इतक्या जवळून बघायचे. त्यावरून बाजाराने त्यांना शून्यसाहेब नाव ठेवलं. ते नाव ऑफिसात आलं, तिथून बिल्डिंगमध्ये आलं आणि शेवटी घरात शिरलं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत लेकीचं बाळंतपण आलं. लेक सहा तासांच्या वाटेवर दुसऱ्या गावी राहायची. बाई, म्हणजे साहेबांची बायको, तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. तीन महिने झाले तेव्हा तिने फोनवर विचारलं होतं, "मग, येऊ का आता?"

साहेब म्हणाले, "तुझं तू बघ. माझं इथे काही अडत नाही."

साहेबांना वाटलं, आपण केवढे समजूतदार आहोत! लेकीला गरज आहे, आपण मध्ये येत नाही. पलीकडे बाईला काय वाटलं असेल, हे त्यांना सुचलंच नाही. ती "बरं" म्हणाली आणि राहिली. त्याला आता सतरा महिने झाले होते. रोज संध्याकाळी फोन यायचा. "जेवलात?" "जेवणार." "औषध?" "घेतलं." "बरं, ठेवते." फोनच्या पडद्यावर उरायचं, एक्केचाळीस सेकंद. कधी अडतीस. साहेब तो आकडा रोज बघायचे. मोजायची सवय जात नाही माणसाची.

घरात एक ताट, एक कप. अर्धा लिटर दूध आणावं तर तिसऱ्या दिवशी नासायचं. खुर्चीवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी खुर्चीवरच सापडायचा आणि त्याबद्दल कोणी एक शब्द बोलायचं नाही. तेहतीस वर्षं ज्या टॉवेलवरून बोलणी खाल्ली, तो टॉवेल आता नुसता पडून राहायचा. मग साहेब आपणच उठून टॉवेल वाळत घालायचे.

तर, बल्ब. बल्बाचं दुकान जेवणाच्या सुट्टीला बंद होतं. शेजारीच जुन्या गाड्यांचं शोरूम. काचेपलीकडे ती लाल गाडी उभी. साहेब नुसते बघत होते, तोच दार उघडून एक टायवाला बाहेर आला.

"या ना साहेब, आत या. ऊन किती आहे! पाणी घेणार?"

पाणी घेणार का, असं त्यांना कित्येक आठवड्यांत कोणी विचारलं नव्हतं. साहेब आत गेले. पाणी प्यायले. मग चहा प्यायले. मग गाडीत बसून बघितलं, कारण चहा पिऊन तसंच निघणं बरं दिसेना.

"वापरलेली आहे, पण वापरल्यासारखी वाटते का सांगा," टायवाला म्हणाला. "आधीचे मालक म्हणजे एकदम सज्जन. रविवारीच काढायचे. आणि दोनच सीट आहेत साहेब, तिसऱ्याची कटकटच नाही. बाजूला कोण बसणार? मॅडम?"

झालं! त्या एका प्रश्नाने घात केला. साहेबांच्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं. लेकीच्या बिल्डिंगखाली आपण ही गाडी उभी करतोय, इंजिनाची डरकाळी चौथ्या मजल्यापर्यंत जातेय, बाई गॅलरीत येतेय, खाली बघतेय, बॅग भरतेय. एक शब्दही बोलावा लागत नाही. "तुझ्याशिवाय करमत नाही" हे वाक्य साहेबांना जन्मात जमलं नसतं. ते गाडीने परस्पर म्हणून टाकलं असतं. तासाभराने साहेब सह्या करून बाहेर आले तेव्हा बल्बाचं दुकान उघडलं होतं, पण ते लक्षातच आलं नाही.

पहिल्या आठवड्यात तीन दोष निघाले. बाजूची काच खाली गेली की वर यायची नाही. डिकी चालता चालता आपोआप उघडायची. (मागचे लोक हात करायचे, साहेबांना वाटायचं, गाडीचं कौतुक चाललंय. तेही हात करायचे.) डिकी दुरुस्त झाली, काचेचा सुटा भाग मागवला. राहिला तिसरा दोष. गाडी वीसेक मिनिटं चालली की आवाज सुरू व्हायचा, टिंग. टिंग. टिंग. आणि समोरच्या पडद्यावर पट्टा लावलेला एक लाल माणूस उमटायचा. साहेबांनी आपला पट्टा चाचपून बघितला, लावलेला होता. मग नीट वाचलं. गाडीचं म्हणणं होतं, बाजूच्या सीटवर बसलेल्या व्यक्तीने पट्टा लावावा.

साहेबांनी बाजूला बघितलं. सीट रिकामी होती.

टिंग, टिंग, टिंग.

"अगं, कोणी नाही तिथे," साहेब गाडीला म्हणाले.

गाडी ऐकेना. आधी सभ्यपणे टिंगटिंगणारी ती दोन मिनिटांनी ठणाणा करायला लागली. नेमका त्याच वेळी बाईचा फोन आला. साहेबांनी गाडी कडेला घेतली आणि उचलला.

"कसला आवाज येतोय? कुठे आहात?"

"गाडीत."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"तुमच्या? तुम्ही गाडी घेतलीत? कधी?"

"बल्ब आणायला गेलो होतो, तेव्हा."

बाईने तेहतीस वर्षं संसार केला होता. पहिल्या धक्क्याला ती पडायची नाही. "आणि ती वाजतेय कशाला?"

"पट्टा लावा म्हणतेय."

"मग लावा ना!"

"माझा लावलाय गं. बाजूच्याचा लावा म्हणतेय."

"बाजूला कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग पट्टा कोणी लावायचा?"

"जे बसलंय त्याने."

"कोण बसलंय?"

"कोणी नाही म्हटलं ना!"

"अहो, एक काय ते सांगा. बसलंय की नाही बसलंय?"

"गाडीच्या मते बसलंय. माझ्या मते नाही."

"म्हणजे तुमच्या दोघांत मतभेद आहेत."

"हो."

"पण एवढी गाडी घेतलीत ती कशाला?"

तुम्हीच सांगा, याहून सोपा चेंडू कोणी टाकेल का? "तुला आणायला." दोन शब्द. साहेबांनी ते जिभेवर घेतले, घोळवले, आणि गिळले. म्हणाले, "सहज."

"सहज!" बाई म्हणाली. "बरं, ठेवते."

साहेबांनी स्वतःला शिव्या घातल्या. मग पडद्यावर बघितलं. सहा मिनिटं बारा सेकंद! सतरा महिन्यांत एवढं बोलणं झालं नव्हतं. त्यांनी हळूच गाडीच्या डॅशबोर्डवर थोपटलं.

शेवटी आवाज बंद करण्याचा एक उपाय त्यांना सापडला. रिकाम्या सीटचा पट्टा ओढून खटकन लावून टाकायचा. गाडी गप्प. मग ते रोज निघतानाच तो लावायला लागले. लावताना हात पुढून न्यावा लागायचा, जरा वाकावं लागायचं, आणि वाकताना तोंडातून सहज निघून गेलं, "चला, निघू या." दुसऱ्या दिवशी दुधाच्या दुकानाशी थांबले तेव्हा म्हणाले, "आलोच हं." तिसऱ्या दिवशी सीटला सांगितलं की अर्धा लिटर घेतलंय, पण नासणार बहुतेक. लाज वाटत होती त्यांना. पण बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोला. पडद्यावरचा तो लाल माणूस पट्टा लावला की हिरवा व्हायचा, आणि दोन हिरवी माणसं शेजारी शेजारी दिसायची. साहेब चाळीसच्या वेगाने (चारशे घोडे आणि चाळीसचा वेग, पण ते असो) गावाबाहेर जाऊन परत यायचे.

एवढं होतं तर लेकीच्या गावी गेले का नाहीत? विचारा, विचारा. बाईने फोनवर एकदा विचारलंच, "एवढी गाडी आहे तर या की नातीला बघायला." तर साहेब म्हणाले, "दोष आहे गं तिच्यात. शून्य बिघडलेल्या गाडीत माणूस बसवणं तत्त्वात बसत नाही." तत्त्व कसलं डोंबलाचं! साहेबांना भीती होती. आपण जाऊ, हॉर्न वाजवू, आणि बाई गॅलरीतून म्हणेल, "आता माझं इथलं सोडून कुठे येऊ?" मग ती सीट सहा तास रिकामी परत आणायची. म्हणून आधी दोष, मग बाकीचं. दोष दूर होईपर्यंत जायला नको, हा त्यातला आराम.

तरी तक्रार त्यांनी निष्ठेने लावून धरली. शोरूमच्या मागेच वर्कशॉप होतं. तिथला मेकॅनिक पन्नाशीचा, कमी बोलणारा, कानात कापूस घातलेला. वर्कशॉपचा नियम असा, की तक्रार आली की मेकॅनिकने गाडी चालवून बघायची आणि मालकाने शेजारी बसायचं. मेकॅनिकने चालवली, साहेब बाजूला पट्टा लावून बसले. वीस मिनिटं, तीस मिनिटं. गाडी गप्प. कशी वाजणार? बाजूला माणूस होता आणि त्याने पट्टाही लावला होता! मेकॅनिकने जॉबकार्डावर लिहिलं, "दोष आढळला नाही."

दुसऱ्या खेपेला साहेबांनी चालवली आणि मेकॅनिक बाजूला बसला. पट्टा लावून, नियमाने. "दोष आढळला नाही."

"अहो, तुम्ही बसलात की तो जातो!" साहेब म्हणाले.

"मग चांगलं आहे की."

"मी एकटा असतो तेव्हा येतो."

मेकॅनिकने त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. "एकटे असताना काय होतं नेमकं?"

"बाजूला कोणीतरी बसलंय असं वाटतं. मला नाही, गाडीला!"

"साहेब, घरी कोण कोण असतं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"नाही, सहज विचारलं." आणि मेकॅनिकने जॉबकार्डावर तिसऱ्यांदा तेच लिहिलं.

पेच असा होता बघा. मेकॅनिकने स्वतः बघितल्याशिवाय दोष वॉरंटीत बसत नव्हता, आणि मेकॅनिक बघायला आत बसला की दोष उरत नव्हता. साहेबांनी खात्याच्या पद्धतीने रीतसर तपासणी अहवाल लिहून नेला, तारीख, वेळ, वजन निरंक, काटा सदोष. मेकॅनिकने सगळा वाचला आणि विचारलं, "साक्षीदाराची सही कुठे आहे?" साक्षीदार! साक्षीदारच असता तर एवढं रामायण झालं असतं का?

मधल्या काळात वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी साहेबांना रिकाम्या सीटला पट्टा लावून "थंडी वाजतेय का, काच वर जात नाही" असं म्हणताना बघितलं आणि ते बाईला फोन करून कळवलं. त्या संध्याकाळचा फोन अकरा मिनिटांचा झाला, पण त्यातली सात मिनिटं डॉक्टर कोणता चांगला यावर गेली.

शेवटी मेकॅनिकलाच दया आली. म्हणाला, "असं करू. तुम्ही वीस मिनिटं फिरवून आणा. इथे आवारात आलात की आत तुम्ही एकटेच राहा. हळू चालवा. मी बाजूने चालतो. काच तशीही उघडीच असते तुमची."

आणि खरंच तसं केलं. चारशे घोड्यांची लाल गाडी आवारात फेऱ्या मारतेय, तिच्या उघड्या काचेत डोकं घालून मेकॅनिक बाजूने चालतोय, कानातला कापूस काढून हातात धरलेला, आणि टायवाला काचेतून बघतोय. साहेब इतके हळू चालवत होते की दोनदा मेकॅनिक पुढे निघून गेला आणि त्याला थांबून गाडीची वाट बघावी लागली. तिसऱ्या फेरीला सुरू झालं, टिंग. टिंग. टिंग.

"आला!" साहेब ओरडले. "ऐकलंत? साक्षात आला!"

"ऐकलं," मेकॅनिक म्हणाला. "शून्य गेलंय सीटचं. खाली वजन ओळखणारी पट्टी असते. लॅपटॉप लावून शून्य परत द्यावं लागेल."

"शून्य!" साहेबांचा चेहरा असा खुलला की बस. "मी काय म्हणत होतो महिनाभर? आधी शून्य दाखवा!"

मेकॅनिकने गाडी शेडमध्ये घेतली. लॅपटॉप वायरीने जोडला आणि तो चालकाच्या बाजूला, दाराबाहेर स्टुलावर ठेवला. वाकून कीबोर्डाशी काहीतरी करत म्हणाला, "सीट रिकामी आहे ना? देतो शून्य."

साहेब बाजूच्या दाराशी उभे. चौतीस वर्षं ज्यांनी दुकानदाराच्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही, ते मेकॅनिकच्या शब्दावर कसा ठेवतील? "थांबा, आकडा मला दिसू द्या. मी माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय शून्य पास होत नाही." असं म्हणत त्यांनी दार उघडलं, चष्मा नाकावर घेतला, आणि वाकून, आणखी वाकून, मान लांब करून, पलीकडच्या लॅपटॉपवरचा आकडा अगदी जवळून बघितला.

"द्या आता," साहेब म्हणाले.

मेकॅनिकने मान वर न करता बटण दाबलं. आकडा हलला, आणि थांबला. शून्य, दशांशचिन्ह, शून्य, शून्य.

"पास!" साहेब म्हणाले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी बाजूचा पट्टा मुद्दामच लावला नाही. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. गाडी गप्प. पडद्यावर एकच हिरवा माणूस, बाजूची जागा काळी. चाळीस मिनिटं साहेब गावाबाहेरच्या रस्त्याने चालवत राहिले आणि एक टिंगसुद्धा आलं नाही. दुरुस्ती एकदम चोख झाली होती.

साहेबांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना फार वाईट वाटलं. महिनाभर एवढ्या जगात एकच होती, जी ठासून सांगत होती की तुमच्या शेजारी कोणीतरी आहे. तिलाही त्यांनी भांडून, अहवाल लिहून, साक्षीदार उभा करून गप्प केलं. "चला" म्हणायलाही आता कोणी उरलं नाही. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि फोन लावला. नेहमी तिचा यायचा. सतरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी लावला.

"काय झालं?" बाई घाबरलीच. "बरं नाही का वाटत?"

"गाडी दुरुस्त झाली."

"बरं झालं की."

"बाजूची सीट रिकामी आहे."

"हो, ती रिकामीच होती ना आधीपासून?"

"आधी गाडी तसं म्हणत नव्हती. आता तीही म्हणायला लागली." साहेब खाकरले. मग एकदम म्हणाले, "माझं अडतं गं. मी तेव्हा अडत नाही म्हणालो ते खोटं होतं. फार अडतं. तू ये."

पलीकडे नात मागे कशावर तरी चमचा आपटत होती, तेवढं ऐकू येत होतं.

"एवढं म्हणायला सतरा महिने लागले?" बाई म्हणाली. तिचा आवाजही काही फार ठीक नव्हता. "येते शनिवारी. आठ दिवसांसाठी हं, आत्ताच सांगून ठेवते."

"मी आणायला येतो."

"काही नको. चाळीसच्या वेगाने तुम्ही पोचेपर्यंत नात शाळेत जायला लागेल. बसने येते."

शनिवारी साहेब बस यायच्या दोन तास आधी स्टँडवर हजर. दाढी केलेली, दोन ठिकाणी कापलेली. बाई उतरली, हातात एक लहान बॅग. साहेबांनी बॅगेकडे बघितलं. आठ दिवसांचीच दिसत होती. त्यांनी ती डिकीत ठेवली, डिकी दोनदा ओढून बघितली, आणि बाजूचं दार उघडून धरलं. बाई बसली. सीटवरून हात फिरवला. तिला गाडी आवडली, हे साहेबांना कळलं.

"पट्टा लाव, नाहीतर वाजेल."

"वाजू दे की. एवढं ऐकलंय तिच्याबद्दल. माझ्यासाठी कशी वाजते ते ऐकायचंय मला."

साहेबांनी मग लांबचा रस्ता घेतला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाई नातीचं सांगत होती. वीस मिनिटं झाली. साहेब कान टवकारून. पंचवीस. काही नाही. पडद्यावर एकच माणूस, बाजूची जागा काळी.

"वाजत नाही ती," बाई म्हणाली.

"वाजेल, वाजेल."

"इथे खूण दिसतेय ना, तिथे माणूस उमटतो ना?"

"हो."

"मग मी कुठाय?"

साहेबांनी पडद्यावर बोटाने टिचकी मारून बघितली.

"म्हणजे मी इथे धडधडीत बसलेय, अर्धा तास बोलतेय, आणि हिच्या लेखी इथे कोणीच नाही?" बाईने पदर सावरला आणि साहेबांकडे वळून बघितलं. "अहो, असलीच हवी होती तर विकत कशाला आणलीत? एक तसलाच आहे की घरात तेहतीस वर्षं!"

साहेबांना हसावं की मान खाली घालावी ते कळेना. त्यांनी दोन्ही केलं, म्हणून गाडी कडेला घ्यावी लागली. मग त्यांनी मेकॅनिकला फोन लावला, तोही स्पीकरवर, कारण आपण कसे ठणकावतो ते बाईला ऐकू जायला हवं होतं.

"अहो, तुमचं शून्य चुकलंय! इथे जिवंत माणूस बसलाय आणि गाडी ओळख दाखवत नाही!"

"असं कसं होईल?" मेकॅनिक म्हणाला. "शून्य देताना सीटवर काही होतं का?"

"छे! रिकामी होती. मी स्वतः बघितलंय. माझ्या डोळ्यांनी, अगदी जवळून, आत वाकून..."

"कुठे वाकून?"

"सीटवरून. लॅपटॉप पलीकडे होता ना, म्हणून मी..." साहेब थांबले.

"साहेब," मेकॅनिक सावकाश म्हणाला, "तुम्ही सीटवर चढला होतात?"

"चढलो नव्हतो हो. गुडघे टेकले होते. फक्त."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"वजन किती आपलं?"

"एकसष्ट किलो चारशे ग्रॅम," साहेब इतक्या बारीक आवाजात म्हणाले, की मेकॅनिकला दोनदा विचारावं लागलं.

"मग बरोबर आहे. गाडीला आता तुम्ही म्हणजे शून्य. मॅडम तुमच्याहून हलक्या असतील, त्या तर तिला दिसणारच नाहीत."

इथे बाईला जे हसू फुटलं, ते थांबेचना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. साहेबांच्या खांद्याला धरून हसली. ज्याने चौतीस वर्षं शून्य तपासलं, तो काट्याच्या पारड्यात गुडघे टेकून शून्य पास करून आला! साहेबांना वाईट वाटायला हवं होतं, पण खांद्यावर तो हात होता, म्हणून त्यांनी हसू दिलं.

"उद्या सकाळी घेऊन या," मेकॅनिक म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

"हो, करून घ्या लवकर," बाई डोळे पुसत म्हणाली. "मी आहे तोवर झालेलं बरं. ही मला ओळखायला लागली की मग निवांत जाईन."

साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा फोनकडे. "उद्या नको," ते मेकॅनिकला म्हणाले. "पुढच्या महिन्यातली नाही का एखादी तारीख?"

"साहेब, महिनाभर तुम्ही रोज माझ्या उरावर बसला होतात!"

"त्याच्या पुढच्या महिन्यातली असली तरी चालेल."

बाई खिडकीबाहेर बघत होती. तिने तोंड तिकडेच ठेवलं, पण हात मागे नेऊन पट्टा ओढला आणि खटकन लावला. गाडी मागत नसताना, आपणहून.

"बरं, तक्रार तेवढी नोंदवून ठेवतो," मेकॅनिक म्हणाला, आणि मिनिटभरात साहेबांच्या फोनवर नवं जॉबकार्ड येऊन पडलं. साहेब चष्मा शोधेपर्यंत बाईने फोन उचलला आणि मोठ्याने वाचलं. या खेपेला मेकॅनिकने अखेर लिहिलं होतं, "दोष आढळला." आणि खाली कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, "मालक."

"हुशार आहे हो माणूस," बाई म्हणाली. "चला आता, वाटेत बल्ब घ्यायचाय. शिक्षिकाबाईंनी तेही कळवलंय मला."